शहाण्णव कार्डांची पेटी

१

एकाच पेटीतल्या कार्डांनी पुण्यात एक साक्ष दिली आणि मुंबईत दुसरी. एप्रिल १९७३ मधल्या त्या सोमवारी मोठ्या साहेबांच्या टेबलावर दोन लांबलचक छापील कागद शेजारी शेजारी पसरले होते. त्यांतला एक खोटा आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. कोणता, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी गहिनीनाथ. मिरजगावच्या अलीकडे दोन मैलांवर आमचं ज्वारी संशोधन केंद्र होतं, तिथं मी जीप चालवायचो. त्या वर्षी दुष्काळानं कहर केला होता. माणसं खडी फोडायला रस्त्यावर, जनावरं छावणीत. अशा सालात आमच्या केंद्रानं बारा गावांत ज्वारीचे आठ वाण पेरून पाहिले होते. कमी पाण्यात कोणता तग धरतो, ते बघायला. वाणांना नावं नव्हती, नुसते नंबर. प्रत्येक वाफ्यातल्या धान्याचं वजन झालं की मालन पगारे ते आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून नोंदवायची. ती कार्डं कॉम्प्युटरला खायला घालायची आणि कॉम्प्युटर सरासरी काढून द्यायचा.

मालन मिरजगावच्या सहादू पगारेंची मुलगी. वय चोवीस. पुण्यात सहा महिने राहून हे काम शिकून आलेली. अख्ख्या कर्जत तालुक्यात कार्डांना भोकं पाडायचं मशीन चालवणारं दुसरं माणूस नव्हतं.

पुण्याच्या कॉम्प्युटरनं सांगितलं, सात नंबर पहिला. वाफ्यामागे सरासरी सहा किलो चाळीस, म्हणजे सहा किलो चारशे ग्रॅम. दोन नंबरचा वाण त्याच्या मागं, पाच किलो साठ. दुष्काळात सहा किलो चाळीस म्हणजे मोठी बातमी होती. साहेबांनी खात्रीसाठी पुन्हा एकदा करून घ्यायचं ठरवलं. पुण्याचं मशीन त्या आठवड्यात दुरुस्तीला निघालं होतं, म्हणून पेटी मुंबईला गेली.

मुंबईच्या कागदावर दोन नंबर पहिला आला. आणि सात नंबर? चौथा. चार किलो ऐंशी.

"कार्डं मोजली का?" साहेबांनी विचारलं.

"मोजली. बारा गावं, आठ वाण, शहाण्णव कार्डं. बरोबर आहेत," आप्पासाहेब म्हणाले. आप्पासाहेब आमचे वरिष्ठ संशोधक. दोन नंबरचा वाण त्यांनी आठ वर्षं खपून तयार केला होता.

साहेबांनी मालनकडून मशीनच्या खोलीची किल्ली मागून घेतली. तिनं किल्ली टेबलावर ठेवली, पदरानं हात पुसला आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली.

गुरुवारी समितीची बैठक होती. पुढच्या हंगामात कोणतं बी हजारो एकरांवर जाणार, ते त्या दिवशी ठरायचं होतं. मधे फक्त दोन दिवस.

२

मंगळवारी सकाळी नगर स्टँडवरून मी समितीनं पाठवलेल्या चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन आलो. मला वाटलं होतं, कुणी मिशीवाले गृहस्थ उतरतील. उतरल्या त्या पुष्पावती आढाव. श्रीरामपूरच्या, चाळिशीच्या पुढच्या, पांढऱ्या पातळाला निळा काठ, गळ्यात बारीक क्रूस. गणित घेऊन पदवी केलेल्या. जीपमध्ये बसल्या आणि रस्त्याकडं बघतच म्हणाल्या,

"पुण्याला पेटी तुम्हीच नेली होती ना, गहिनीनाथ?"

"व्हय बाई. नेली आन् आनली बी."

"वाटेत काही झालं?"

मी उगीचच गिअर बदलला. "न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण वहीत काहीतरी लिहिलं.

केंद्रात पोहोचल्यावर त्यांनी आधी दोन्ही कागद मागितले. चहा पुढं आला तो गार झाला. अर्ध्या तासानं त्यांनी साहेबांना विचारलं, "तुम्ही सातच्या पलीकडे काही पाहिलंत का? आठांपैकी सहा वाणांची सरासरी दोन्ही शहरांत अगदी सारखी आहे. दशांशासकट. बदललेत दोनच. सात नंबर आणि पाच नंबर."

"पाच?"

"पुण्यात चार किलो ऐंशी. मुंबईत चार किलो चाळीस. आता मला सांगा, सातला पाडण्यासाठी किंवा चढवण्यासाठी कुणी लबाडी केली असेल, तर त्यानं बिचाऱ्या पाचला कशाला हात लावला?"

साहेबांकडं एक कागद होता. तो त्यांनी पुढं सरकवला.

"सात नंबरचं बी मिरजगावच्या बनाबाई कचरू साळवे यांच्या घरचं आहे. पिढ्यान् पिढ्या राखलेलं. आणि कालच मला कळलं, बनाबाई ही मालनची सख्खी आत्या आहे."

३

मालन खुर्चीच्या कडेवर बसली होती. दार उघडं होतं. मी व्हरांड्यात पाण्याचा माठ भरत होतो, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"आत्याचं बी आहे, हे तू सांगितलं नाहीस," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"कुनी विचारलंच न्हाई, बाई. कार्डावर आत्याचं नाव नसतं, नंबर असतो. आन् आत्या असली तरी काट्यावर धान्य जेवढं तेवढंच भरतं."

"तुझ्यावर काय आळ आहे, माहीत आहे?"

"माहीत हाय." मग तिचा आवाज जरा चढला. "आमच्या वस्तीतली पोरगी मशीनवर बसली, तवाच कितीकांना वाटलं हुतं, ही काहीतरी घोळ घालनार. बाबांनी बाबासाहेबांच्या फोटोम्होरं उभं करून सांगितलं हुतं, एक भोक चुकलं तर ते आपल्या सगळ्यांच्या नावावर मांडतील. मी दर कार्ड दोनदा तपासते. तुमी एक चूक दाखवा, मी सोता राजीनामा लिवते."

पुष्पावतीबाईंनी वहीचं नवं पान उघडलं. "सात नंबर किती गावांत पेरला होता?"

"नऊ. आत्याकडं बीच तेवढं हुतं. तीन गावांना पुरलंच न्हाई."

"मग त्या तीन गावांची कार्डं?"

"केली. गावाचा नंबर घातला, वाणाचा नंबर घातला. वजनाची जागा कोरी ठेवली."

"आणि पाच नंबर?"

"अकरा गावांत. बाराव्या गावात वाफा गुरांनी खाल्ला. तिथंबी कोरी."

बाईंची पेन्सिल वहीवर भराभर चालली. मग त्यांनी पेटी उघडली, कार्डांचा गठ्ठा बाहेर काढला. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक आकडा होता.

"हे आकडे तुझे?"

"माजेच. गठ्ठा सांडला तर परत लावता यावा म्हनून."

बाई एकेक कार्ड उलटत गेल्या. शेवटचं कार्ड हातात घेऊन त्या थांबल्या.

"शेवटचा आकडा सत्त्याण्णव आहे, मालन. कार्डं शहाण्णव आहेत."

मालन ताडकन उठली. वरचं कार्ड तिनं पाहिलं. त्याच्यावर दोन होता.

"माजं पयलं कार्ड कुठं गेलं?"

४

माझ्या हातातली कळशी खाली आली. मी आत गेलो आणि मान खाली घालून सांगून टाकलं. पुण्याहून परत येताना रुईछत्तीशीजवळ जीप खड्ड्यात आदळली, मागची फळी उघडली आणि पेटी रस्त्यावर पडली. कार्डं पाचोळ्यासारखी उडाली. तिथं दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या, त्या धावल्या. पदरात गोळा करून त्यांनी कार्डं आणून दिली. मी ती परत लावली, पण मोजली नाहीत. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही.

"येक ऱ्हायलं असंल तिथंच," मी म्हणालो. "माज्यामुळं पोरीवर आळ आला."

मालन माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आप्पासाहेब दारात आले. सगळं त्यांनी ऐकलं होतं. पुष्पावतीबाई त्यांना म्हणाल्या, "मुंबईला पेटी तुम्ही एकट्यानं नेलीत. रात्रभर गाडीत ती तुमच्या उशाशी होती."

"होती."

"दोन नंबर तुमचा. सात नंबर मागं पडला की तुमचा पुढं जातो."

आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. मग ते खुर्ची ओढून बसले. "बाई, आठ वर्षं मी त्या वाणामागं आहे. तो पहिला यावा असं मला वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एका बाईच्या घरच्या बियानं मला हरवलं असेल, तर मला ते कळायला हवं. नाहीतर मी आठ वर्षं केलं काय?"

बाईंनी मान डोलावली. मग मालनला विचारलं, "त्या पहिल्या कार्डावर काय होतं? वजन तर नव्हतं."

"न्हाई. ते मशीनसाठी असतं. आत कार्डं वाचनारे दोन-तीन प्रोग्रॅम असतात. आपली कार्डं कुनी वाचायची, ते पयल्या कार्डावर सांगायचं. आमाला शिकवताना पुस्तकात लिवलं हुतं, सांगितलं तर बरं, न्हाई सांगितलं तरी चालतंय. मी आपलं सांगितलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मशीन सोताच्या सवयीचा कुनीतरी लावतं."

पुष्पावतीबाई ताठ बसल्या. "माझे वडील श्रीरामपूर स्टेशनात तारमास्तर होते," त्या म्हणाल्या. "एकदा वरून तार आली, गाडी सहाला सोडा. सकाळचे की संध्याकाळचे, ते लिहिलंच नव्हतं. एका स्टेशनानं सकाळ धरली, दुसऱ्यानं संध्याकाळ. दोघांनी हुकूम बरोबरच पाळला होता." त्यांनी गठ्ठा सरळ करून टेबलावर आपटला. "पण ते कार्ड गेलं कुठं, हे कळल्याशिवाय समिती माझं ऐकणार नाही. रस्त्यावर उडालं, गाडीत कुणी काढलं, की मुळात नव्हतंच?"

आणि त्याच वेळी त्यांचं लक्ष गठ्ठ्याच्या वरच्या कडेकडं गेलं. तिथं एक निळी रेघ होती. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी.

५

"ही रेघ कुणाची?"

"माजी न्हाई," मालन म्हणाली.

आप्पासाहेबांनीही मान हलवली. मी मात्र ती पाहिली होती. "पुण्यातली हाय ती, बाई. मशीनवरच्या त्या सायबानं काम झाल्यावर गठ्ठा आपटून सारखा केला आन् निळ्या पेन्सिलीनं रेघ वढली. म्हनला, कार्डं उलटीपालटी झाली तर रेघ तुटलेली दिसंल. तिच्याच जोरावर तर मी रुईछत्तीशीला गठ्ठा लावला."

"तुम्ही तिथं होता? डोळ्यांनी पाहिलं?"

"पेटी हातात घ्यायला हुबाच हुतो."

बाईंनी खिडकीचं दार सताड उघडलं आणि गठ्ठा उजेडात धरला. आम्ही तिघंही वाकलो. रेघ सुरू होत होती ती वरच्या कार्डाच्या अगदी टोकावर. टोकाच्या पलीकडं तसूभरही जागा नव्हती. आणि पुढं कुठंही तुटलेली नव्हती.

"पहिलं कार्ड रेघ ओढताना गठ्ठ्यात असतं, तर रेघेचं टोक त्याच्यावर गेलं असतं," बाई म्हणाल्या. "दोन आकड्याच्या कार्डावर तिचा ठिपका जरा आत आला असता. तो टोकावर आहे. म्हणजे रेघ ओढली तेव्हा वरचं कार्ड दोन आकड्याचंच होतं. गहिनीनाथ, तुमच्या हातून काही हरवलं नाही. त्या खडी फोडणाऱ्या बायांनी एकूण एक कार्ड परत दिलं. आप्पासाहेब, तुमच्याही हातून नाही. ते पुण्यातच राहिलं."

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

दुपारी मिरजगावच्या पोस्टात आम्ही ट्रंक कॉल लावले. पुण्याचा लागायला दीड तास गेला. बाई रिसीव्हर कानाला घट्ट धरून ओरडून बोलत होत्या, त्यामुळं पोस्टात तिकिटं घ्यायला आलेली माणसंही थांबली.

"पहिलं कार्ड? हो, इथंच आहे ड्रॉवरमध्ये!" पलीकडचा माणूसही इतका ओरडत होता, की बाजूला उभ्या आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "आमच्याकडे ते लागत नाही. न सांगता आमचं मशीन कार्डावर लिहिलेलाच वाचक प्रोग्रॅम लावतं. म्हणून मी काढून ठेवतो. का, काही अडलं?"

मुंबईचा फोन संध्याकाळी पाचला लागला. बाईंनी दोनच प्रश्न विचारले.

"पहिलं कार्ड नसेल तर तुमचं मशीन काय करतं?"

"आमचा नेहमीचा वाचक लावतं. पुण्याहून वेगळा आहे तो."

"त्याला कोरी जागा दिसली तर?"

"कोरी जागा? शून्य धरतो."

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. मालननं पोस्टाच्या बाकावरच बोटांनी हिशेब करायला सुरुवात केली होती.

६

गुरुवारी समितीचे पाच जण नगर आणि पुण्याहून आले. बनाबाईही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "माज्या बियाचा निकाल हाय, मी येनारच," म्हणत ती मिरजगावहून दोन मैल उन्हातून पायी आली होती आणि दाराशी बसली होती.

पुष्पावतीबाईंनी सगळं मांडलं. मग फळ्याकडं बोट करून म्हणाल्या, "पुढचं मालन पगारे दाखवतील."

मालननं खडू घेतला. फळ्यावर अक्षर सरळ आलं.

"सात नंबर नऊ गावांत पेरला. नऊ वाफ्यांचं मिळून सत्तावन्न किलो सहाशे ग्रॅम. पुण्याच्या मशीननं कोरी जागा म्हंजे पेरलंच न्हाई, असं धरलं. नवानं भागलं. सहा चाळीस. मुंबईच्या मशीननं कोरी जागा म्हंजे शून्य धरलं. पेरलं आन् काहीच उगवलं न्हाई, असं. बारानं भागलं. चार ऐंशी. तसंच पाच नंबरचं. अकरा वाफ्यांचे बावन्न किलो आठशे. अकरानं भागा, चार ऐंशी. बारानं भागा, चार चाळीस. बाकीच्या सहा वाणांची एकबी जागा कोरी नव्हती, म्हनून ते दोन्हीकडं सारखे आले."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "म्हणजे कुणीच खोटं बोललं नाही?"

"नाही," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "कार्डं तीच, मशीनही दोन्ही चांगली. वाचायचं कुणी, एवढंच दुसऱ्यांदा सांगायचं राहिलं. आणि या मुलीनं ते सांगितलं होतं. गरज नाही म्हणून कुणीतरी काढून ठेवलं."

आप्पासाहेब उठले. मला वाटलं, आता हे अडवणार. ते म्हणाले, "एक शंका आहे. नऊ गावांची सरासरी बारा गावांच्या सरासरीशी लावणं बरोबर नाही. ती नऊ गावं बऱ्या जमिनीची असतील. माझा दोन नंबर त्याच नऊ गावांत किती आला, ते पाहा."

प्रश्न रास्त होता. मालननं वजनांची वही घेतली आणि आकडे एकाखाली एक उतरवले. सगळे तिच्या हाताकडं बघत होते. बेरीज आली एक्कावन्न किलो तीनशे.

"पाच किलो सत्तर," ती म्हणाली.

"आणि सात नंबर सहा चाळीस," आप्पासाहेब म्हणाले. मग पुढं होऊन त्यांनी खडू घेतला आणि सात या आकड्याभोवती स्वतःच्या हातानं गोल काढला. "माझी सही यावर पहिली घ्या."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. सगळ्यांसमोर मालनच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माझी चूक झाली, बाई." त्यांच्या तोंडून तिला 'बाई' म्हटलेलं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

अध्यक्षांनी दाराकडं पाहिलं. "बनाबाई, बी वाढवायला तुमच्याकडून किती मिळेल?"

बनाबाई उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"हाय तेवढं समदं देते. पन येक हाय. जितं माजं बी गेलंच न्हाई, तितं ते नापास कसं झालं? त्या तीन गावांत आदी पेरा. मग म्हना काय म्हनायचं ते."

७

त्या वर्षी पाऊस बरा झाला. आश्विनात मी बियाची पोती जीपमध्ये घालून त्या तीन गावांत पोचवली. शेजारच्या सीटवर मालन, मांडीवर वजनांची नवी वही. मुंबईला कार्डं पाठवायची झाली की आता ती स्वतः जायची, आणि तिथल्या माणसांना कोणता वाचक लावायचा ते तोंडानंही सांगून यायची.

माघात काढणी झाली. तिसऱ्या गावात वाफा पाटलांच्या रानात होता. आम्ही बनाबाईला सोबत घेतलं होतं. ती बांधावर, जरा लांबच उभी राहिली, सवयीनं. पाटलांनी विचारलं, "बी कुनाचं म्हनायचं हे?"

मी काही बोलायच्या आत मालन म्हणाली, "माज्या आत्याचं. त्या तितं उभ्या हायेत."

पाटील बांधाकडं गेले. खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी ज्वारीच्या ताटांच्या सावलीत अंथरली. "बसा बाई," ते म्हणाले. "उन्हात कशाला?"

बनाबाईनं एकदा घोंगडीकडं पाहिलं, एकदा भाचीकडं. आणि बसली, पाठ ताठ ठेवून.

काटा वर गेला, खाली आला, थांबला. बघायला जमलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मालननं आकडा वाचला.

"सहा किलो नव्वद!"